शेतकऱ्याला शहरात हक्काची जागा हवी

टोमॅटोवर ग्राहकाने एक रुपया खर्च केला, तर त्यातले साधारण ३३ पैसे शेतकऱ्याच्या पदरात पडतात. कांद्यात ३६ पैसे, बटाट्यात ३७. रिझर्व्ह बँकेतल्या अभ्यासकांनी २०२४ साली भाज्यांच्या महागाईवर केलेल्या अभ्यासातले हे आकडे आहेत. त्यांच्या शेजारी दुधाचा आकडा ठेवून पाहावा. दुधात हाच वाटा सत्तर पैशांच्या आसपास जातो. दूध काही टोमॅटोपेक्षा टिकाऊ नाही. उन्हाळ्यात चार-पाच तास बाहेर राहिले की ते नासते. टोमॅटो निदान चार दिवस तग धरतो. तरीही दूध घालणाऱ्या शेतकऱ्याला ग्राहकाच्या रुपयातला मोठा हिस्सा मिळतो आणि टोमॅटो पिकवणाऱ्याला जेमतेम एक तृतीयांश.

कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. गावात सकाळ-संध्याकाळ दूध घेणारी डेअरी आहे. तिथे दुधाची फॅट मोजली जाते, पावती मिळते, दहा दिवसांनी बिल निघते. शहरात त्या दुधाला विक्रीची ठरलेली जागा आहे आणि ती उद्या सकाळीही तिथेच असणार, याबद्दल कोणाच्या मनात शंका नसते. कोल्हापूरसारख्या जिल्ह्यात ही घडी गेल्या साठ वर्षांत बसली. भाजीला गावात असे केंद्र नाही आणि शहरात जागा नाही.

स्थानिक अन्न, थेट विक्री, ‘शेतातून ताटात’ असे शब्द आता सगळ्यांच्या तोंडी आहेत. त्यावर ॲप निघाली, महोत्सव झाले, अनुदाने जाहीर झाली. यातले काही उपयोगी पडले, बरेच विरून गेले. माझे म्हणणे यापेक्षा साधे आहे. पुण्या-मुंबईसारख्या शहराला जवळच्या शेतातली भाजी खायची असेल, तर त्या शहराने जवळच्या शेतकऱ्याला बसायला कायमची आणि कायद्याने संरक्षित जागा दिली पाहिजे. बाकी सगळे त्यानंतर.

जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढला. त्याआधी १९६३ च्या कायद्यानुसार भाजीपाल्याचा घाऊक व्यवहार समितीच्या आवाराशी बांधलेला होता; ते बंधन गेले. शेतकऱ्याच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशेबातून, आडत म्हणजे आडत्याची दलाली कापायची नाही, ती खरेदीदाराने भरायची, हेही त्याच वेळी ठरले. व्यापाऱ्यांनी बंद पुकारला, वाशीत आणि पुण्यात काही दिवस व्यवहार थांबले. त्याच सुमारास कृषी पणन मंडळाने संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजाराचे अभियान सुरू केले. हे सगळे योग्यच होते. त्या निर्णयाचे मी तेव्हा स्वागत केले होते आणि आजही तो मागे घ्यावा असे मला वाटत नाही.

पण आवाराबाहेर विकायची मोकळीक देताना आवाराबाहेर म्हणजे नेमके कुठे, याचे उत्तर कोणी दिले नाही. शेतकरी टेम्पो घेऊन रस्त्याच्या कडेला उभा राहिला तर अतिक्रमण विभागाची गाडी येते आणि काटा उचलून नेते. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा कायदा आहे, शहर फेरीवाला समित्या आहेत. मात्र तो कायदा रोज व्यवसाय करणाऱ्या शहरातल्या विक्रेत्यासाठी लिहिला गेला आहे. त्यात सर्वेक्षण आहे, प्रमाणपत्र आहे, ठरलेले क्षेत्र आहे. आठवड्यातून एकदा सासवडहून किंवा मंचरहून येणारा शेतकरी त्या सर्वेक्षणात कसा सापडणार? तो फेरीवाला नाही, गाळेधारक नाही, बाजार समितीचा परवानाधारकही नाही. शहराच्या कागदपत्रांत त्याच्यासाठी रकानाच नाही.

आठवडे बाजार जिथे भरतात तिथली परिस्थिती एकदा बारकाईने पाहायला हवी. पुण्यातल्या अशा एका बाजारात मी बराच वेळ घालवला आहे. महापालिकेचे मोकळे मैदान. सकाळी सहाच्या आत टेम्पो लागतात, ताडपत्र्या अंथरल्या जातात. एका बाजूला भेंडी-गवार-घेवडा, दुसऱ्या बाजूला पालेभाजी. मेथीच्या जुड्या आदल्या संध्याकाळी घरातल्या सगळ्यांनी बसून बांधलेल्या असतात आणि ओल्या गोणपाटात झाकून आणलेल्या असतात. नवरा काट्यावर, बायको निवडत-मोजत, आणि कॉलेजला जाणारी मुलगी पैशांकडे. क्यूआर कोडचा पुठ्ठा रिकाम्या क्रेटला टांगलेला. आठ ते दहा गर्दी असते. अकरानंतर भाव उतरू लागतो. बारा वाजता जे उरते ते हातगाडीवाला मिळेल त्या भावात उचलतो किंवा ते परत जाऊन गोठ्यात पडते.

या कुटुंबाने त्या दिवशी किती कामे केली ते मोजा. पिकवणे तर आहेच. शिवाय तोडणी, निवड, जुड्या बांधणे, भरणे, वाहतूक, विक्री, सुट्टे पैसे, उरलेल्या मालाचा तोटा. बाजार समितीच्या वाटेवर ही कामे पाच-सहा जणांत वाटलेली असतात आणि प्रत्येकजण आपापला वाटा घेतो. थेट विक्रीत ती एकाच घरावर पडतात. म्हणून थेट विक्रीतून जास्त मिळणारे पैसे हे त्यांच्यावर केलेले उपकार नव्हेत, ती त्या जास्तीच्या कामाची मजुरी आहे.

आता यात जागेचा प्रश्न कुठे येतो? मैदान बाजाराला मिळते ते तात्पुरते, कोणाच्या तरी मर्जीने. गणपतीत तिथे मांडव पडतो. निवडणुकीत सभा होते. कधी कोणा वजनदार माणसाच्या घरचे लग्न असते. शुक्रवारी संध्याकाळी निरोप येतो की उद्या बाजार नाही. मेथी आणि कोथिंबीर तर दुपारीच उपटून झालेली असते. ती परत मातीत रोवता येत नाही. मग रातोरात मार्केट यार्डाची वाट धरायची आणि पहाटे मिळेल त्या भावात देऊन यायचे. असे एका हंगामात दोनदा-तीनदा झाले की शेतकरी शहाणा होतो आणि थेट विक्रीसाठी वाफे टाकणेच सोडतो. ग्राहकही सोडतो, कारण एकदा रिकाम्या मैदानावर जाऊन परत आलेला माणूस पुढच्या शनिवारी कोपऱ्यावरच्या दुकानातच जातो. बाजार हा सवयीवर चालतो आणि सवय लागायला तीच जागा, तोच वार, तीच वेळ वर्षानुवर्षे टिकावी लागते. गावोगावचे आठवडी बाजार पिढ्यान् पिढ्या का टिकले? मंगळवारचा बाजार मंगळवारीच भरला, पाऊस असो की पंचायतीची निवडणूक असो. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार कोणी जाहिरात करून भरवत नाही.

तामिळनाडूने हे ओळखले होते. १९९९ मध्ये मदुराईपासून तिथे ‘उळवर सन्दै’, म्हणजे शेतकऱ्यांचे बाजार, सुरू झाले. त्याच वर्षी आंध्रात रयतु बाजार निघाले. पंजाबात ‘अपनी मंडी’ त्याआधी, १९८७ पासून होती. तामिळनाडूच्या योजनेत महत्त्वाच्या गोष्टी दोन. शहरात बांधलेली, शेडची जागा, भाडे न घेता. आणि शेतकऱ्याला ओळखपत्र, तेही तो खरोखर काय पिकवतो याची शेतावर खातरजमा करून. मध्ये सरकार बदलल्यावर या बाजारांकडे दुर्लक्ष झाले, काही ओस पडले. पण जागा तिथेच होती, म्हणून पुढे राजकीय इच्छा आली तेव्हा ते पुन्हा उभे करता आले. आपल्याकडे अभियान ओसरले की मैदानावर त्याची खूणही उरत नाही.

ओळखपत्राचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण थेट विक्रीचा जीव त्यातच आहे. पुणे बाजार समितीचा मांजरीचा उपबाजार हे आपल्या घरचे उदाहरण आहे. तिथे शेतकरी आपला माल स्वतः आणतो आणि किरकोळ विक्रेत्यांना थेट विकतो. मध्ये आडत्या नाही. हवेली आणि आसपासच्या तालुक्यांतल्या पालेभाजीवाल्यांना या बाजाराचा मोठा आधार आहे. तिथलीही जुनी तक्रार हीच, की शेतकऱ्याच्या नावाखाली व्यापारी घुसतात, तिथेच घेतलेला माल तिथेच पुन्हा विकतात आणि शेतकऱ्याचा भाव पाडतात. शहरातल्या आठवडे बाजारांत तर हे उघड दिसते. एकाच ताडपत्रीवर सफरचंद, आले, लसूण, ढोबळी मिरची आणि ब्रोकोली मांडलेली असली, तर ती पुरंदरच्या एका शेतातून आलेली नाही हे कळायला कृषी अधिकारी लागत नाही. अशा विक्रेत्याला पोट नाही असे मी म्हणत नाही. त्याने दुसरीकडे व्यवसाय करावा. शेतकऱ्यांसाठी राखलेली जागा त्याने भरली की खऱ्या शेतकऱ्याला कोपरा मिळतो, आणि ग्राहक ज्या विश्वासाने आला तो विश्वास मोडतो. सातबाऱ्यावरची पीकनोंद आता मोबाईलवर ई-पीक पाहणीतून होते. ती नोंद आणि बाजारातला माल ताडून पाहणे आज अवघड नाही, फक्त ते कोणाचे तरी नेमून दिलेले काम असले पाहिजे.

इथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी, कारण थेट विक्रीच्या बाजूने बोलणारे बहुतेक लोक ती टाळतात. आडत्याला खलनायक ठरवून हा प्रश्न सुटत नाही. नारायणगावच्या टोमॅटो उत्पादकाचा विचार करा. त्याचा एका तोड्याचा माल शे-दोनशे क्रेट असतो आणि दर तीन-चार दिवसांनी तोडा येतो. कुठल्या सोसायटीच्या दारात तो एवढे टोमॅटो विकणार आहे? त्याला एकगठ्ठा माल घेणारा बाजार लागतोच. शिवाय आडत्या पेरणीच्या वेळी उचल देतो, घरात दुखणे आले किंवा लग्न निघाले की पैसे देतो. बँक ज्या दिवशी कागद मागते त्या दिवशी आडत्या रक्कम मोजतो. त्या उपकाराची किंमत पुढे पट्टीत वसूल होते, हे शेतकऱ्याला पुरते ठाऊक असते. तरी तो जातो, कारण दुसरे दार उघडे नसते. थेट विक्री सगळ्या मालासाठी नाही आणि सगळ्या शेतकऱ्यांसाठीही नाही. मार्केट यार्ड लागणार आहे, तिथले लिलाव उघडे आणि वजन चोख व्हायला हवे, आणि तो वेगळा लढा आहे.

मग थेट विक्री कोणासाठी? ज्याच्याकडे दोन-तीन एकर बागायत आहे, घरात चार हात राबणारे आहेत आणि जो शहरापासून दोन तासांच्या आत आहे, त्याच्यासाठी. आज असा शेतकरीही शेजाऱ्याचे पाहून सगळ्या रानात एकच पीक घेतो, कारण बाजारात एकगठ्ठा मालालाच गिऱ्हाईक आहे. २०२३ च्या जुलैत टोमॅटो किरकोळ बाजारात शंभरीच्या कितीतरी पुढे गेला. ते पाहून लोकांनी लागवडी वाढवल्या, आणि सप्टेंबरमध्ये तोडणीची मजुरीही निघेना म्हणून तोच टोमॅटो रस्त्यावर ओतला गेला. शहरातल्या दोनशे घरांशी ज्याचे कायमचे नाते आहे त्याला अर्धा एकर टोमॅटो परवडत नाही. त्याला दहा गुंठे टोमॅटो, पाच गुंठे गवार, चार वाफे पालक, बांधावर शेवगा, मांडवावर दोडका आणि काकडी असे हवे असते. एकाचा भाव पडला तर दुसरे सावरते. आपल्या आज्या-पणज्यांच्या परड्यात होती तीच ही पद्धत, फक्त जरा मोठ्या रानात. जवळचा ग्राहक शेतकऱ्याला जास्त भाव देतो, यापेक्षा तो त्याला वेगवेगळी पिके घ्यायची मुभा देतो, हे मला मोलाचे वाटते.

त्यातून आणखी एक गोष्ट साधते. आंबेमोहोर, आजऱ्याचा घनसाळ, कोरेगावचा वाघ्या घेवडा, पुरंदरचे अंजीर, अलिबागचा पांढरा कांदा, जळगावची भरीताची वांगी यांना भौगोलिक मानांकने मिळाली आहेत. मानांकनाचा कागद मिळाला म्हणून वाण टिकत नाही, ते खाणारा टिकला तर टिकते. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाणे जपले, त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, सगळ्या महाराष्ट्राने अभिमान बाळगला. पण त्या बियाण्याचे वाल आणि घेवडे पिकवणाऱ्याला तो माल कुठे विकायचा हे विचारा. यार्डात त्याला वेगळा भाव नाही. एकसारखा आकार, एकसारखा रंग, दूरचा प्रवास सोसणारी साल, हेच तिथले निकष. देशी वाणाची चव सांगणारा आणि विचारणारा समोरासमोर आले तरच त्याचे वेगळे दाम होतात. श्रावणाच्या सुमारास कृषी विभाग रानभाजी महोत्सव भरवतो. टाकळा, कुर्डू, भारंगी, कर्टुली घेऊन डोंगरातल्या बाया येतात आणि दुपारच्या आत सगळे संपते. याचा अर्थ मागणी आहे. पण महोत्सव संपला की त्याच बाईला शहरात टोपली घेऊन कुठे टेकायचे, हा प्रश्न उरतोच.

आता ग्राहकाबद्दल. ‘शेतकऱ्याला जास्त, ग्राहकाला स्वस्त’ ही घोषणा मला पटत नाही. काही भाज्यांत दोन्ही साधते, विशेषतः जिथे मधले हात जास्त आहेत तिथे. पालेभाजीत आणि देशी वाणांत बहुधा साधत नाही. स्वस्ताईचे आमिष दाखवून लोकांना बाजारात आणले, तर ज्या आठवड्यात शेजारच्या दुकानात कोथिंबीर पाच रुपयांनी स्वस्त असेल त्या आठवड्यात ते निघून जातील. जवळच्या शेतातली भाजी सकाळी तोडलेली, ओळखीच्या माणसाने पिकवलेली आणि हंगामातली म्हणून घ्यायची; तिच्यावर काय फवारले हे त्याच्या तोंडावर विचारता येते म्हणून घ्यायची. या गोष्टींना किंमत आहे आणि ती मोजली पाहिजे.

आणि काही सवयीही सोडल्या पाहिजेत. भेंडीची टोके मोडून पाहायची आणि मोडलेली भेंडी तशीच ढिगात टाकून पुढे जायचे, टोमॅटो दाबून दाबून निवडायचे, शेवटी वर दोन मिरच्या आणि कोथिंबिरीची काडी फुकट मागायची. सुपरमार्केटमध्ये प्लॅस्टिकच्या ट्रेवर छापलेली किंमत मुकाट्याने देणारी माणसे ताडपत्रीवर बसलेल्या बाईशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालतात. मोडलेली भेंडी संध्याकाळपर्यंत काळी पडते, तिला कोणी घेत नाही. हे नुकसान ज्याने मोडली त्याच्या लक्षातही येत नाही.

ग्राहकाला काय करता येते याचा धडा मात्र आपल्याकडे पन्नास वर्षांपासून आहे. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ मध्ये सुरू झाली, आणि तिने वाणसामानाची वाटप पद्धत उभी केली. शेजारची काही कुटुंबे मिळून एक संघ करायचा, महिन्याची मागणी आधी नोंदवायची, मालाची एकत्र खरेदी व्हायची, आणि ठरलेल्या दिवशी संघाच्याच लोकांनी तो आपसात वाटून घ्यायचा. दुकान नाही, जाहिरात नाही. मागणी आधी नोंदलेली असल्यामुळे काय आणि किती आणायचे हे ठाऊक असते. भाजीत नेमके हेच हवे आहे. दहा इमारतींतल्या साठ-सत्तर घरांनी दर आठवड्याला अमुक एवढी पालेभाजी, तमुक एवढी फळभाजी घेऊच असे हंगामाच्या सुरुवातीला सांगितले, तर शेतकरी तेवढ्याच हिशेबाने वाफे टाकेल आणि दुपारी बारा वाजता त्याला माल फेकावा लागणार नाही. २०२० च्या टाळेबंदीत हे घडलेही. बाजार बंद, रस्ते बंद. तेव्हा शेतकरी गट आणि शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्यांनी पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांच्या फाटकाशी भाजीच्या पिशव्या आणून दिल्या. व्हॉट्सॲपवर याद्या केल्या गेल्या, सोसायटीतल्या कुणीतरी वाटपाचे काम अंगावर घेतले. ती व्यवस्था उभी करायला आठ-पंधरा दिवस पुरले. टाळेबंदी उठली आणि बहुतेक ठिकाणी ती बंद पडली. शेतकऱ्याने सोडली असे नाही. आपल्याला पुन्हा रोज उठून हवे ते, हवे तेव्हा मिळू लागले, म्हणून आपण सोडली.

संस्थांची खरेदी हा याहून मोठा आणि न वापरलेला मार्ग आहे. ब्राझीलने २००९ साली कायदा करून शाळेतल्या जेवणासाठी केंद्राकडून मिळणाऱ्या पैशातला निदान ३० टक्के भाग छोट्या शेतकरी कुटुंबांकडून खरेदी करायला लावला. आपल्याकडे आश्रमशाळा आहेत, वसतिगृहे आहेत, शासकीय रुग्णालयांची स्वयंपाकघरे आहेत. नंदुरबार किंवा गडचिरोलीतल्या आश्रमशाळेच्या भोवती शेती असताना तिची भाजी जिल्ह्याच्या गावाहून ठेकेदाराच्या गाडीने यावी, हे कशासाठी? निविदेच्या अटी मोठ्या पुरवठादाराच्या मापाच्या असतात म्हणून. त्या अटी बदलायला नवा पैसा लागत नाही. बचत गटाला आणि गावातल्या शेतकरी गटाला पुरवठा करता येईल एवढ्या लहान तुकड्यांत निविदा काढाव्या आणि बिल पंधरा दिवसांत द्यावे. तीन-तीन महिने थांबणे ठेकेदाराला परवडते, शेतकऱ्याला परवडत नाही.

‘जवळचे’ याचा हट्ट किती धरायचा, हाही प्रश्न आहे. पुण्यात लसूण मध्य प्रदेशातून येणार, सफरचंद हिमाचल-काश्मीरमधून येणार, आणि त्यात वाईट काही नाही. माझा आग्रह पालेभाजी, फळभाजी, देशी फळे, अंडी अशा रोजच्या आणि नाशवंत गोष्टींपुरता आहे. मुंबईसारख्या शहरालाही हे अशक्य नव्हते. वसई-विरारचे शेतकरी आणि बागायतदार पहाटेच्या लोकलच्या मालडब्यातून भाजी, केळी, फुले घेऊन दादरपर्यंत यायचे, अजूनही थोडेफार येतात. रेल्वेने तो डबा राखून ठेवला म्हणून ते शक्य झाले. म्हणजे इथेही मुळात प्रश्न जागेचाच. उलट गोव्याकडे पाहा. तिथली ताटातली भाजी मोठ्या प्रमाणावर बेळगावहून येते. फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यांवर सवलतीत मिळणारी भाजीही बरीचशी तिकडचीच. २०२० मध्ये सीमा बंद झाल्या तेव्हा काही दिवसांतच राज्यात भाजीची टंचाई झाली. आगशीची वांगी, खोल्याची मिरची पिकवणाऱ्या प्रदेशाला शेजारच्या राज्यातल्या ट्रकची वाट पाहावी लागली. सवलत ग्राहकाला मिळाली की भाजी स्वस्त होते, पण त्यातून घरची शेती उभी राहतेच असे नाही.

हातगाडीवाल्यांचे काय, असा आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. गल्लीत रोज येणारी भाजीवाली महिनाअखेरीला उधारीवर भाजी देते, म्हाताऱ्या माणसांना दारात आणून देते. आठवड्यातून एक-दोन दिवस भरणाऱ्या शेतकरी बाजाराने तिचे पोट मारले जाईल असे मला वाटत नाही. तिचा खरा स्पर्धक काही मिनिटांत घरपोच माल देणारे ॲप आहे. तिला मांजरीसारख्या उपबाजारातून थेट शेतकऱ्याकडचा माल घेता आला, तर तिचाही एक टप्पा वाचतो. असे उपबाजार शहराच्या प्रत्येक दिशेला असावेत, ही मागणी शेतकऱ्यांइतकीच तिचीही आहे.

राहिला तो जमिनीचा प्रश्न, आणि मला तो सगळ्यात जास्त सतावतो. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे पुणे महापालिकेत आली. यातली कितीतरी गावे पुण्याला पालेभाजी पुरवणारी. गाव शहरात गेले की कर बदलतो, जमिनीचा भाव बदलतो, विहिरीशेजारी इमारत उभी राहते आणि चार-पाच वर्षांत मेथीचे रान प्लॉटिंगमध्ये जाते. पुरंदरमध्ये अंजीर आणि सीताफळाच्या बागांच्या जमिनी विमानतळाच्या आखणीत आल्या आहेत आणि तिथल्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे त्याला विरोध केला. विमानतळ हवा की नको हा वाद मोठा आहे, इथे तो मिटणार नाही. मात्र भाजी शंभर किलोमीटर आणखी लांबून येऊ लागली की तिच्या भावात डिझेल मिसळते, ताजेपण जाते, आणि मधले हात पुन्हा वाढतात. शहराच्या कडेची बागायत म्हणजे विकासासाठी पडून असलेली मोकळी जागा, अशी नजर नगररचनेत आहे. तिथे पिकणारे अन्न शहराचेच आहे, पाणीपुरवठ्याइतके त्याचे मोल आहे, असे नकाशावर कुठेही लिहिलेले नसते.

म्हणून मागणी नकाशापासूनच सुरू व्हायला हवी. विकास आराखड्यात शाळा, उद्यान, दवाखाना, स्मशान यांची आरक्षणे असतात. मंडईचीही असतात, पण त्यांतून गाळे बांधले जातात. ते गाळे लिलावात ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला मिळतात, आणि अनेक मंडया बांधून नुसत्या पडून राहतात. गाळा शेतकऱ्याच्या कामाचा नाही. त्याला दर प्रभागात एक मोकळी, फरसबंद, वर साधे छप्पर असलेली जागा हवी. पाण्याचा नळ आणि बायकांसाठी स्वच्छतागृह हवे, कारण पहाटे चारला घरून निघालेली बाई दुपारपर्यंत तिथे बसते. आठवड्यातले दोन ठरलेले वार त्या जागेवर दुसरे काहीही होणार नाही, मांडव नाही, सभा नाही, असे आरक्षणातच लिहिलेले हवे. उरलेले पाच दिवस मुलांना तिथे खेळू द्या. ओळखपत्रांची तपासणी कृषी विभागाने करावी. वार आणि जागांचे वाटप शेतकरी गट, ग्राहकांचे प्रतिनिधी आणि महापालिका यांनी मिळून ठरवावे.

आराखड्यावर हरकती-सूचना मागवल्या जातात तेव्हा बिल्डर, संस्थाचालक, मंडळे सगळे अर्ज घेऊन पोचतात. भाजी खाणाऱ्यांच्या बाजूने या जागेसाठी अर्ज केल्याचे मी अजून ऐकलेले नाही. तो अर्ज करायला शेतकरी असावे लागत नाही, त्या प्रभागात राहणे पुरते. आणि आराखडा होईपर्यंत थांबायचीही गरज नाही. ज्या सोसायटीत शनिवारी सकाळी चार गाड्यांची जागा रिकामी करता येते, तिने सर्वसाधारण सभेत एक ठराव करावा: वर्षभर, दर शनिवारी, सात ते अकरा, एका शेतकरी गटाच्या टेम्पोला ही जागा, भाडे नाही, बाजार रद्द करायचा असेल तर निदान चार दिवस आधी कळवणे बंधनकारक.